दोन गोळ्यांचा फरक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला रहस्यपटाचं तिकीट अर्ध्या किमतीत मिळायला हवं, कारण त्याला सिनेमा अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा वेळ तो मोजण्यात घालवतो. पडद्यावर खलनायक नोटांची बॅग उघडतो, सगळं थिएटर श्वास रोखून बसतं, आणि मी बंडलं मोजत असतो. तोंडाने दहा लाख म्हटलेले असतात आणि बॅगेत शंभराच्या नोटांची वीस बंडलं असतात. म्हणजे झाले दोन लाख. आठ लाख शॉर्ट! पुढे हिरॉइनचं काय झालं, ते मला घरी येऊन बायकोला विचारावं लागतं.

हा रोग मला बँकेने लावला असं लोक समजतात. तसं नाही हो. बँकेने त्याचा फक्त पगार सुरू केला. रोग जुनाच. लहानपणी इंदापूरकडे जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. खाली वाळू, वर कापड, आणि पुढे बसणाऱ्याच्या फेट्याएवढा पडदा कमी. अशा एका हिंदी सिनेमात नायकाने सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून मधे न थांबता सतरा गोळ्या झाडल्या. मी बोटं मोडत मोजत होतो. सतरावी वाजल्यावर मला राहवलं नाही. मी उभा राहून ओरडलो, "सतरा झाल्या!" मागून एक चप्पल आली. वडील शांतपणे म्हणाले, "हा कॉमर्सला जाणार." मी बारामतीला बी. कॉम. झालो तेव्हा घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. निकाल तंबूतच लागला होता.

हल्ली मी राहतो बारामतीत आणि नोकरी करतो इंदापुरातल्या एका शाखेत. एसटीने सुमारे पन्नास किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. शाखेत आता सगळं संगणकावर. संध्याकाळी लेजर जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसणं, दोन रुपयांच्या फरकासाठी तीनशे व्हाउचरं पुन्हा चाळणं, आणि फरक सापडल्यावर सगळ्यांनी मिळून भजी मागवणं, हा आनंद संगणकाने घालवला. हाताने मोजायच्या म्हणून तीनच गोष्टी उरल्या आहेत: रोकड, सोनेतारणाची पाकिटं आणि रखवालदाराची काडतुसं. यांतली तिसरी ध्यानात ठेवा; तिच्याकडे परत यायचंच आहे.

तर एका रविवारी आमचे चिरंजीव पुण्याहून आले आणि म्हणाले, "बाबा, तुम्हाला एक क्लासिक दाखवतो." आणि त्यांनी 'द माल्टीज फाल्कन' लावला. १९४१ चा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, नायक हंफ्री बोगार्ट, आणि मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची, १९३० सालची. पडदा काळापांढरा, त्यातही काळ्याचा भाग जास्त. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, सिगारेटचा धूर, हॅट घातलेले लोक. अशा चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असं नाव दिलं. आमची ही स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "लाइट गेलेत का त्यांच्याकडे?" एका वाक्यात तिने ती सगळी चळवळ समजून घेतली.

गोष्ट अशी. सॅन फ्रान्सिस्कोत सॅम स्पेड नावाचा खाजगी गुप्तहेर आहे. एक बाई त्याच्याकडे काम घेऊन येते आणि त्याच रात्री त्याचा भागीदार गोळी लागून मरतो. पुढे कळतं, की सगळा मामला एका रत्नजडित ससाण्याच्या पुतळ्यासाठी आहे. खून कुणी केला ते मी सांगणार नाही. मात्र सॅन फ्रान्सिस्कोत त्या कल्पित खुनाच्या जागी एक खरी पाटी लावलेली आहे आणि त्या पाटीवर खुन्याचं नावही लिहिलेलं आहे! इंटरव्हलमध्ये शेवट सांगणारे आपल्याकडेही आहेत, पण ते निदान पितळी पाटीवर कोरून लावत नाहीत.

या सिनेमात पिस्तुलं पुष्कळ आहेत आणि ती ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे वाटून दिलेली आहेत. पीटर लॉरने केलेला जोएल कैरो हा अत्तर लावणारा नाजूक गृहस्थ. त्याचं पिस्तूलही तसंच, मुठीत मावणारं. विल्मर नावाचं एक पोरगं आहे, अंगापेक्षा ओव्हरकोट मोठा. त्याच्या दोन खिशांत दोन भलीथोरली ०.४५ ची कोल्ट पिस्तुलं. ज्याचा जीव लहान त्याचं हत्यार मोठं. हा नियम आमच्या तालुक्यात मोटारसायकलींनाही लागू पडतो. स्पेड त्याचा कोट मागून खाली ओढून हात अडकवतो, दोन्ही पिस्तुलं काढून घेतो आणि नेऊन त्याच्या मालकाच्या हातात ठेवतो. हातात गोष्ट मावली नाही तर ती कुणीही काढून घेतो, एवढंच त्याला सांगायचं असतं.

आणि खुद्द नायकाकडे? काही नाही! पोलीस त्याला विचारतात, तू कुठलं पिस्तूल बाळगतोस? तो म्हणतो, बाळगतच नाही, मला ती फारशी आवडत नाहीत. ऑफिसात आहेत म्हणा काही. हे ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. हा तर आमच्यातलाच माणूस! हत्यार ऑफिसात आहे, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरला नोंद असणार, आणि स्वतः हा रिकाम्या हाताने, नुसत्या डोक्यावर आणि जिभेवर दिवस काढतो. शेवटी ससाणा हाती लागतो तेव्हा तो जाडा गटमन चाकूने त्याला खरवडतो आणि आतून निघतं शिसं. तिथेही मला आमच्या शाखेतले सोनेतारणाचे सराफ आठवले. ते हेच काम कसोटीच्या दगडावर अर्ध्या मिनिटात करतात आणि वर चहाही पितात. पण हिशेबाची गंमत पहा: सिनेमात खोटा ठरलेला तो शिशाचा पक्षी २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेला. शिशावर एवढं तारण आमच्या सराफांनी जन्मात दिलं नसतं.

आता मुख्य मुद्दा. भागीदाराचा खून होतो त्या जागी पोलीस स्पेडला हत्यार दाखवतात. स्पेड ते बघताक्षणी ओळखतो: वेब्ली-फॉसबेरी, ०.४५, आठ गोळ्यांचं. हल्ली बनवत नाहीत. ऐटीत सांगतो आणि पुढे जातो. सगळं जग ऐंशी वर्षं हे वाक्य ऐकून पुढे गेलं. मी गेलो नाही. मी चिरंजिवांना म्हणालो, "थांबव."

वेब्ली-फॉसबेरी हे एक विलक्षण यंत्र होतं. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा ओढला की गोळ्यांचं चाक फिरतं. यात गोळी सुटल्याच्या धक्क्याने नळी आणि चाक दोन्ही मागे सरकतात, चाकावर कोरलेल्या नागमोडी खाचांमुळे चाक आपोआप पुढच्या गोळीवर येतं, आणि घोडाही आपोआप चढतो. म्हणजे रिव्हॉल्व्हर असून ऑटोमॅटिक. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने ते १९०१ पासून विकायला काढलं आणि दोन मापांत काढलं: मोठ्या ०.४५५ मध्ये सहा गोळ्या आणि लहान ०.३८ मध्ये आठ. गोळी जाड झाली की चाकात कमी मावतात, इतकं सोपं. हॅमेटच्या कादंबरीत ०.३८, आठ गोळ्या, असं अगदी बरोबर लिहिलं आहे. हॅमेट पूर्वी खराखुरा खाजगी गुप्तहेर होता, चुकेल कसा? पण सिनेमात येताना ३८ चे ४५ झाले आणि आठाचे मात्र आठच राहिले. पटकथाही ह्यूस्टननेच लिहिलेली. एक आकडा बदलला आणि त्याच्यावर अवलंबून असलेला दुसरा तसाच उतरवला. ०.४५ चं हत्यार, गोळ्या आठ, प्रत्यक्षात मावतात सहा. फरक दोन.

मला जो आनंद झाला म्हणता! हॉलिवूडच्या अभिजात चित्रपटाची कॅश टॅली होत नाही आणि ते इंदापूर शाखेच्या एका कारकुनाने धरलं! "मागीलप्रमाणे उतरवून काढलंय," मी चिरंजिवांना समजावलं. "प्रत्यक्ष मोजायला नको माणसाला? नुसता आकडा पुढे ओढायचा! अशा माणसाला आमच्याकडे मेमो मिळतो." चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुढचा सिनेमा बघायचा का?" आमची ही म्हणाली, "अहो, जेवून घ्या."

सोमवारी एसटीत बसलो तरी डोक्यात वेब्ली-फॉसबेरीच होतं. भवानीनगरला उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली, तेवढ्यात मी शेजारच्या गृहस्थांना त्याचा सगळा इतिहास सांगून टाकला. हा फॉसबेरी म्हणजे कुणी अमेरिकन गुंड नव्हे, आपल्याकडचाच, म्हणजे कंपनी सरकारच्या बंगाल लष्करातला अधिकारी. १८६३ च्या ऑक्टोबरात सरहद्दीवर अंबेलाच्या मोहिमेत एका सुळक्यावरची चौकी परत जिंकताना त्याने शौर्य गाजवलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. निवृत्तीनंतर इतर लोक बागकाम करतात, हा बंदुका सुधारत बसला. १९०७ साली वारला. त्यानंतर चौतीस वर्षांनी आपलं नाव बोगार्टच्या तोंडी येणार, तेही चुकीच्या मापासकट, याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना! पहिल्या महायुद्धात काही इंग्रज अधिकाऱ्यांनी हे रिव्हॉल्व्हर पदरचे पैसे घालून नेलं. पण खंदकातला चिखल त्या नागमोडी खाचांत बसायचा आणि चाक अडकायचं. विज्ञान कितीही पुढे गेलं तरी चिखलापुढे चालत नाही, हे आमच्याकडे ऊस वाहणाऱ्या कुणालाही विचारा. पाच हजारांच्या आतच नग निघाले आणि काम थांबलं. वेब्ली हे नाव मात्र संपलं नाही. या कंपनीच्या नावाची रिव्हॉल्व्हरं अलीकडे उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडील्याला बनू लागली आहेत.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आपल्या हिंदी पिक्चरमध्ये असलं काही नव्हतं." मी म्हटलं, नव्हतं कसं? मुंबईत हा काळा चित्रपट आला आणि चांगला रुजला. १९५१ चा 'बाझी' घ्या. गुरुदत्तचं पहिलं दिग्दर्शन, देव आनंद जुगारी, के. एन. सिंग पडद्यामागचा मालक. त्यात गोळी निघते देव आनंदच्या नावाने आणि जमा होते गीता बालीच्या खाती; खुनाचा आळ पुन्हा देव आनंदवर. एका खात्याची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडली की तिसऱ्याला कसा त्रास होतो, हे बँकेत येणाऱ्या कुणालाही समजेल. पण आपल्या सिनेमात बंदुकीचं माप कुणी सांगत नाही. तिचं काम एवढंच, की ती ज्याच्या हातात सापडली तो गुन्हेगार. खरं कोण, ते शेवटच्या रिळात.

खरं सांगायचं तर महाराष्ट्राला नाट्यगृहातलं पिस्तूल सिनेमाच्याही आधी ठाऊक झालं. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवलेला. अनंत कान्हेरे या कोवळ्या पोराने तिथे ब्राउनिंग पिस्तुलाने जॅक्सनला गोळ्या घातल्या. ते पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस ब्राउनिंगांपैकी एक होतं. पेटीच्या चोरकप्प्यातून आलेलं. त्या विसांचा हिशेब न्यायालयात उलगडत गेला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याला फाशी झाली, आणि याच पिस्तुलांपायी सावरकरांना दुसरी जन्मठेप. तिथे मात्र माझ्यासारख्याला मोजताना विनोद सुचत नाही. तंबूत सतराची सहा करता येतात. खऱ्या गोळीचा आकडा माणसांच्या नावांनीच लिहावा लागतो.

निमगाव केतकी गेलं, इंदापूर आलं, आणि मी शाखेत पाऊल टाकतो तर आत वार्षिक तपासणी बसलेली.

आता आमच्या सुभेदारांची ओळख करून द्यायला हवी. हे आमच्या शाखेचे बंदूकधारी रखवालदार. फौजेतून ते नाईक म्हणून निवृत्त झाले. 'सुभेदार' आम्ही म्हणतो. बँकेने त्यांना दिलेली ही एकमेव बढती. त्यांचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. गाव नाही, पण गावातल्या प्रत्येक गटाचा नंबर त्यांना पाठ. दाराशी स्टुलावर बसायचे, शेजारी बँकेची दुनळी बंदूक. बाराबोअर. बाराबोअर म्हणजे काय, हे मी आल्यागेल्याला सांगत असतो: नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्या; तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. अशी काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीला बनतात, १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात. म्हणजे या बाबतीत आपण पुणे जिल्ह्यातले लोक पूर्णपणे स्वावलंबी.

सुभेदारांच्या बंदुकीची खास गोष्ट अशी, की ती रिकामी असायची. शाखेत म्हाताऱ्या येतात, पोरं येतात, एकदा एका पोराने खेळता खेळता घोड्याला बोट लावलं. त्या दिवसापासून सुभेदार दोन काडतुसं शर्टाच्या खिशात ठेवत आणि बाकीची पट्ट्यात. "लागलंच तर भरायला दोन सेकंद लागत्यात," असं म्हणायचे. बावीस वर्षांत ते दोन सेकंद कधी लागले नाहीत.

तपासनीस साहेबांनी यादी वाचायला सुरुवात केली. बंदूक एक. काडतुसं दहा. "मोजा," ते म्हणाले. मी रविवारच्या विजयाच्या धुंदीत होतोच. पुढे झालो. पट्ट्यातली सहा, खिशातली दोन. पुन्हा मोजली. आठ! आणि वाचकहो, मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला पहिल्यांदा झाला तो आनंद. मी तंबूतल्यासारखाच मोठ्याने म्हणालो, "दोन कमी!"

शाखेत शांतता पसरली. काडतूस म्हणजे काही टाचणी नव्हे. प्रत्येकाची परवान्यावर नोंद. हरवलं तर पोलीस ठाणं, जबाब, चौकशी. सुभेदारांच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेले. ते शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, दोन काडतुसं त्या मोठ्या पावसात फुगली व्हती. नळीत जाईनात. म्या तवाच्या मॅनेजर साहेबांच्या हातात दिली. त्यांनी पाकिटात घातली."

मोठा पाऊस म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरातला. इंदापुरात तेव्हा रस्त्यांचे ओढे झाले होते आणि आमच्या स्ट्राँगरूमच्या भिंतीला ओल आली होती. त्या वेळचे मॅनेजर पुढच्या वर्षी बदलून गेले. त्यांना फोन लावला. त्यांना पाऊस आठवत होता, काडतुसं आठवत नव्हती.

तपासनीस साहेबांनी रजिस्टर उघडलं. "तुम्ही म्हणता २०२० साली दिली," ते सुभेदारांना म्हणाले, "पण इथे २०२१ ला दहा मोजलेली आहेत. २०२२ ला दहा. २०२३ ला दहा. प्रत्यक्ष मोजणी, सही. मग तुमची गोष्ट खरी कशी धरायची?" आणि त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "सही कुणाची आहे ही?"

सही माझी होती. तीनही. पुढे माझ्याच वळणदार अक्षरात: 'मागीलप्रमाणे. बरोबर.'

मला एकदम आठवलं. दर वर्षी सुभेदार पट्टा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "साहेब, मोजून घ्या." आणि दर वर्षी मी म्हणायचो, "अहो सुभेदार, तुमचं काय मोजायचं!" त्यांना तो मान वाटत असेल. मलाही तो मानच वाटायचा. प्रत्यक्षात तो आळस होता. आणि आता तीन वर्षांचा माझा आळस कागदावर पुरावा होऊन उभा होता, त्या माणसाला खोटं पाडण्यासाठी. काळ्या चित्रपटात निरपराध माणसाच्या हातात कुणीतरी पिस्तूल सरकवून ठेवतो ना? इथे ते मी सरकवलं होतं, शाईने.

संध्याकाळपर्यंत मी काही बोललो नाही. हे लिहायला नको होतं, पण मोजणी करायची तर पुरती करावी. मनात मी बरेच हिशेब मांडले. लिहून दिलं तर मेमो, कदाचित इन्क्रिमेंट, कदाचित बदली. नाही दिलं तर माझं काहीच जात नाही. सुभेदार सांगतात ते खरं की खोटं, ते पोलीस बघतील. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. शेजारचा माणूस सकाळचाच निघाला. म्हणाला, "सांगा ना पुढं त्या पिस्तुलाचं." मी झोपेचं सोंग घेतलं.

घरी हिला सगळं सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, "मोजली होतीत का तुम्ही?"

"नाही."

"मग मोजली नव्हती असं लिहा. त्यात रात्रभर काय विचार करायचाय?"

गृहिणींना ऑफिस कळत नाही असं आम्ही म्हणतो. खरं म्हणजे त्यांना ते फार पटकन कळतं.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं: तिन्ही वर्षी मी प्रत्यक्ष मोजणी न करता मागील वर्षाचा आकडा उतरवून सही केली, सबब त्या नोंदी पुरावा म्हणून धरू नयेत. तपासनीस साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "खुलासे मी पुष्कळ वाचलेत. त्यात खुलासा असलेला हा पहिलाच."

आता माझ्या तीन नोंदी बाद झाल्यावर सुभेदारांचं म्हणणं पुन्हा उभं राहिलं. मग २०२० पासूनचं सगळं शोधायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी, सोनेतारणाच्या तिजोरीमागे, कर्जं फिटलेल्यांच्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली, एक खाकी पाकीट सापडलं. वर लिहिलेलं: 'ओलीने फुगलेली काडतुसे, नग २. पोलीस ठाण्यात जमा करणे.' खाली सही, तारीख ऑक्टोबर २०२०. जमा करायचं राहिलं आणि बदली आली. बँकेत ज्या रकमेचा ठिकाणा लागत नाही ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. इंग्रजीत त्याला चक्क सस्पेन्स अकाउंट म्हणतात. ती दोन काडतुसं तीन वर्षं तिथेच पडून होती, म्हणायला हरकत नाही.

त्या दिवशी भजी मागवली. जुन्या दिवसांसारखी. मला लेखी समज मिळाली, ती मी फाइल केली आहे, क्रमांक घालून. सुभेदारांसमोर जाऊन काय बोलावं ते सुचेना. ते स्टुलावर बसले होते. मी म्हटलं, "सुभेदार, चुकलं माझं." त्यांनी पट्टा काढला आणि माझ्यापुढे धरला. "आधी मोजून घ्या," म्हणाले. मी मोजली. आठ. त्यांनी मान हलवली आणि तो विषय संपवला.

दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. नारळ, शाल, फोटो. भाषणात आमच्या साहेबांनी सांगितलं, की बावीस वर्षांत या बंदुकीतून एकही गोळी सुटली नाही. कुणीतरी मागून गमतीने विचारलं, "मग पगार कशाचा घेतला?" सुभेदार म्हणाले, "न सोडायचा." आणि बसले. सॅम स्पेडलाही हे इतक्या थोडक्यात जमलं नसतं.

नंतर स्टँडवर चहा पिताना मी त्यांना 'माल्टीज फाल्कन'ची सगळी गोष्ट सांगितली. ०.३८, ०.४५, आठ, सहा, सगळा हिशेब मांडला. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "मग त्या दोन गोळ्या सापडल्या का?"

"नाही. लिहिणारे ह्यूस्टन साहेब १९८७ सालीच वारले. आता खुलासा कुणाकडून मागवणार?"

"कुठंतरी पाकिटात असतील," सुभेदार बशीतला शेवटचा घोट घेत म्हणाले. "आन् सही करणाऱ्यानं मोजल्या नसतील."

त्यांची गाडी लागली. मी चहाचे पैसे दिले आणि उरलेली चिल्लर दोनदा मोजून खिशात टाकली.